काढ्याची कसोटी

आपल्या धाराशिव जिल्ह्यात कडुनिंबाच्या झाडावर चढलेली एक वेल तुम्ही पाहिली असेल. तिची पाने हृदयाच्या आकाराची असतात. ही गुळवेल. हकीमसाहेब तिला गिलो म्हणतात. ताप आला की दादी किंवा नानी तिचा कडू काढा पाजतात. पण हा काढा खरोखर गुणकारी आहे का? हे कसे ठरवायचे?

बोटात काटा रुतला की बोट लाल होते, सुजते, ठणकते. याला दाह म्हणतात. जंतूंशी लढण्यासाठी पांढऱ्या रक्तपेशी तेथे धावून येतात. ही लढाई आपल्या भल्याचीच असते. पण ती वेळेवर थांबली नाही, तर शरीराचेच नुकसान होते.

वनस्पतीने दाह कमी होतो का, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत अशा पेशी तीन बशांत ठेवतात. पहिलीत काहीच घालत नाहीत. दुसरीत जंतूच्या आवरणाचा अंश घालतात. त्यामुळे पेशी दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात. तिसरीत तोच अंश आणि वनस्पतीचा अर्क घालतात. मग द्रव्ये मोजतात. तिसरीत ती कमी भरली, तरी घाई करून चालत नाही. अर्काने पेशी मेल्या असतील, तरीही द्रव्ये कमीच भरणार! म्हणून पेशी जिवंत आहेत ना, हेही तपासतात.

यानंतर माणसांवर चाचणी होते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा अभ्यास केला. पित्ताचा मार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार दिले. एका गटाला गुळवेलही दिली. गुळवेल न दिलेल्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला. गुळवेल दिलेल्या गटात तो कोणालाच झाला नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची शक्तीही पूर्ववत झाली. हे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. मात्र ३० ही संख्या लहान आहे.

पुढे २०२० साली, कोरोनाच्या काळात, अनेकांनी गुळवेल घेतली. त्यांपैकी ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती तपासली नव्हती आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल यकृताला अपाय करू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते.

औषध जुने आहे म्हणून ते निर्धोक ठरत नाही आणि जुने आहे म्हणून टाकाऊही ठरत नाही. तेव्हा काढा घेण्यापूर्वी जाणकार वैद्यांना किंवा हकिमांना वेल दाखवा, आणि तुमच्या डॉक्टरांनाही सांगा.