लहानशी शिट्टी
पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर धुके दाटले, म्हणजे चार हातांवरची वाटही दिसेनाशी होते. अशा वेळी सोबत्यांपासून चुकलेला प्रवासी हाका मारू लागतो. परंतु थोड्याच वेळात त्याचा घसा बसतो. त्या प्रसंगी गळ्यातील लहानशी शिट्टी त्याचा मोठा आधार ठरते.

शिट्टीत फुंकर मारली, की हवेचा झोत तिच्या खाचेच्या धारेवर आपटतो. त्यामुळे आतील पोकळीतील हवा वेगाने कंप पावते आणि तीव्र स्वर उमटतो. हा उंच स्वर मनुष्याच्या कानास चटकन जाणवतो. शिवाय शिट्टीला केवळ श्वास पुरतो. घसा शिणत नाही.

परंतु शिट्टी कशीही वाजवून भागत नाही; ऐकणाऱ्यास तो खेळ वाटेल. म्हणून गिर्यारोहकांनी एक संकेत ठरविला आहे. १८९४ साली युरोपातील आल्प्स पर्वतात त्याचा प्रारंभ झाला. एका मिनिटात सारख्या अंतराने सहा वेळा शिट्टी वाजवावी, मग एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तसेच करावे. ऐकणाऱ्याने मिनिटास तीन शिट्ट्या वाजवून उत्तर द्यावे. रात्री विजेरीच्या प्रकाशानेही हाच संकेत करता येतो.

मधले ते एक मिनिट फार मोलाचे होय. कारण त्या शांततेतच उत्तर ऐकू येते. उत्तर आले, तरी चुकलेल्याने जागा सोडू नये. मदत पोहोचेपर्यंत संकेत चालू ठेवावा. मात्र गंमत म्हणून तो कधीही करू नये. खोट्या हाकेला फसलेली माणसे खऱ्या हाकेलाही धावून येत नाहीत.