कानातला आवाज वाढतो तेव्हा

कानात सतत आवाज येतो अशी तक्रार घेऊन आलेला रुग्ण बरेचदा एकच वाक्य ऐकून घरी परततो : 'याला औषध नाही, सवय करून घ्या.' यातले काहीच खोटे नाही. पण सवय करायची कशी, हे सहसा कोणी सांगत नाही आणि रुग्णाची फरफट तिथूनच सुरू होते. दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर, मग शेजाऱ्याने सुचवलेले तेल, जाहिरातीतली गोळी; दरम्यान आवाज वाढतच राहतो. कर्णनाद, म्हणजेच टिनिटस, वाढू लागला की दोन कामे करायची असतात. तो का वाढला याचा शोध घ्यायचा आणि आवाज असतानाही झोप, काम, बोलणेचालणे सुरळीत राहावे असे मेंदूला शिकवायचे. या दोन्ही कामांसाठी आज उपाय आहेत.

कुणाला रातकिड्यांची किरकिर ऐकू येते, कुणाला कुकरची शिट्टी, तर कुणाला ट्रान्सफॉर्मरची घरघर. बाहेर मात्र तसा आवाज कुठेच नसतो. ही तक्रार दुर्मीळ नाही. 'जामा न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात २०२२ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना कधी ना कधी कर्णनादाचा अनुभव येतो आणि साधारण २ टक्के लोकांना त्याचा तीव्र त्रास होतो. अनेकांना आवाज येतो, पण फार थोड्यांचे जगणे त्यामुळे अवघड होते. हा फरक का पडतो हे कळले की उपचारांची दिशाही कळते.

आवाज येतो कुठून?

अंतर्कर्णातल्या शंखाकृती भागात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विद्युतसंदेशांत रूपांतर करण्याचे काम त्यांचे. वय, मोठा आवाज, काही औषधे यांमुळे त्या मरतात आणि माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण होतो. रेडिओचे स्टेशन नीट लागत नसले की आपण आवाज वाढवतो आणि गाण्याऐवजी खरखर वाढते. श्रवणकेंद्राचे बहुधा असेच होते. मूळ कुरबुर बहुतेकांच्या श्रवणव्यवस्थेत असतेच. हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी १९५३ मध्ये कानाची तक्रार नसलेल्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवले. काही मिनिटांतच त्यांच्यापैकी ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू येऊ लागला.

आवाज कानापुरता मर्यादित नाही, याचा पुरावा शस्त्रक्रियांनीही दिला. श्रवणाची नस कापावी लागलेल्या अनेक रुग्णांचा कर्णनाद त्यानंतरही कायम राहिला. पाय कापल्यावरही नसलेल्या पायात कळा याव्यात, त्यातलाच हा प्रकार.

याहून महत्त्वाची गोष्ट मोजमापातून दिसते. श्रवणतज्ज्ञ यंत्रावर वेगवेगळे आवाज ऐकवून रुग्णाच्या कानातल्या आवाजाशी जुळणारा आवाज शोधतात. 'डोके फुटेल' असे सांगणाऱ्या रुग्णाचा आवाजही अनेकदा त्याच्या ऐकण्याच्या किमान पातळीपेक्षा फक्त ५ ते १० डेसिबलने मोठा भरतो. म्हणजे रुग्ण खोटे बोलतो असे नव्हे. मेंदूने त्या आवाजाला धोक्याचा इशारा मानले की भीती, जागरण आणि तपासत राहणे सुरू होते. 'आहे का अजून?' म्हणून दर पाच मिनिटांनी कान देऊन ऐकले जाते. जितके लक्ष जाते तितका तो ठळक होतो. पावेल यास्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये हे दुष्टचक्र मांडले, आणि उपचार त्यावर घाव घालण्याच्या दिशेने वळले.

वाढला का, हे आधी पाहा

आधीपासून असलेला आवाज वाढला, तर तपासणी पुन्हा करायला हवी. कारण कधी अगदी साधे निघते. कानातला मळ पडद्यापर्यंत दाटला की बाहेरचे आवाज अडतात आणि आतला ठळक होतो. काडी, पिन किंवा कापसाच्या बोळ्याने तो आणखी आत ढकलला जातो. गरम तेल ओतल्याने तर कान भाजू शकतो. सर्दीनंतर मधल्या कानात साठलेले पाणी, जबड्याच्या सांध्याचे किंवा मानेचे दुखणे, रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, वाढलेला रक्तदाब यांचीही चौकशी व्हावी. जबडा आवळल्यावर किंवा मान वळवल्यावर आवाज बदलत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अशांना फिजिओथेरपीचा उपयोग होऊ शकतो.

औषधांची यादी सोबत न्यावी. अॅस्पिरिनचे मोठे डोस, जेंटामायसिन व अॅमिकासिनसारखी इंजेक्शने, कर्करोगावरील सिसप्लॅटिन, क्विनाइन, जास्त मात्रेतले फ्युरोसेमाइड ही कानावर परिणाम करू शकणारी औषधे आहेत. अॅस्पिरिनचा परिणाम डोस कमी केल्यावर सहसा ओसरतो. सिसप्लॅटिनने झालेली हानी बहुधा कायमची असते. तरीही हृदयविकारासाठी किंवा कर्करोगासाठी सुरू असलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयरुग्णांना रोज दिली जाणारी अॅस्पिरिनची छोटी गोळी या मोठ्या डोसांत मोडत नाही.

या लक्षणांत थांबू नये

एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येणे कमी झाले आणि आवाज सुरू झाला, तर तो तातडीचा आजार समजावा. मळ असेल, सर्दी असेल म्हणून लोक आठवडे घालवतात. ही श्रवणाच्या नसेशी संबंधित बधिरता असेल, तर स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत, उशिरात उशिरा दोन आठवड्यांत सुरू होण्यात फायदा असतो. गेलेला काळ परत मिळत नाही.

फक्त एकाच कानात सतत येणारा आवाज, त्यातही त्या कानाने कमी ऐकू येत असेल, तर श्रवणनसेवरील गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय लागू शकतो. ही गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, पण वेळेत कळलेली बरी. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज वेगळा. त्यात रक्तवाहिन्यांची तपासणी करावी लागते. चक्कर, तोंड वाकडे होणे, कानातून पू किंवा रक्त येणे, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला आवाज, यांतही लगेच रुग्णालय गाठावे.

गोंगाट आणि अति शांतता

इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवर वर्षानुवर्षे काम केलेल्यांना मागाचा खडखडाट परिचयाचा असतो. कानावर होणारा त्याचा परिणाम मात्र हळूहळू होत असल्याने ध्यानात येत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कामाच्या ठिकाणची सर्वमान्य सुरक्षित मर्यादा. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते : ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन तास, १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर किंवा ढोलपथकात तासन् तास उभे राहणाऱ्या तरुणांनी हा हिशेब मांडून पाहावा. पथकातल्या वादकांनी इअरप्लग वापरणे यात कमीपणा नाही.

कर्णनाद असलेल्यांची चूक अनेकदा उलट्या टोकाला होते. आवाज वाढेल या भीतीने ते दिवसभर कानात बोळे घालून बसतात. गोंगाटात कानांचे रक्षण करावेच; पण घरातल्या नेहमीच्या आवाजांपासूनही कान झाकले, तर मेंदू आवाजाला आणखी हळवा होतो. कर्णनादाला गाढ शांतता मानवत नाही.

कशाने फरक पडतो?

पहिली पायरी ऑडिओमेट्रीची. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र हा कर्णनादावरचाही उपचार असतो. बाहेरचे आवाज मेंदूपर्यंत पोहोचू लागले की आतला मागे पडतो, शिवाय ऐकण्यासाठी ताण द्यावा लागत नाही. 'मला ऐकू येते, फक्त शब्द कळत नाहीत' असे सांगणाऱ्यांनी ही तपासणी टाळू नये.

दुसरी गोष्ट ध्वनीची साथ. पंखा, पावसाचा आवाज, तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण, काहीही चालेल. आवाज आपल्या कर्णनादापेक्षा किंचित हळू ठेवावा. कर्णनाद पूर्ण झाकला तर मेंदूला त्याची सवय होण्याची संधी मिळत नाही. झोपताना कानात इअरफोन खुपसण्यापेक्षा उशाजवळ छोटा स्पीकर बरा.

तिसरी गोष्ट, आणि जिच्यामागे सर्वात भक्कम पुरावा आहे ती, म्हणजे बोधनात्मक वर्तनोपचार, अर्थात सीबीटी. कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २८ चाचण्यांचा आणि त्यांतल्या २७३३ रुग्णांचा आढावा घेतला. या उपचाराने कर्णनादाचा जगण्यावरचा परिणाम कमी होऊ शकतो, असा त्याचा निष्कर्ष. 'मी आता बहिरा होणार', 'आज झोप लागणारच नाही' असे विचार पकडायचे आणि वस्तुस्थितीशी ताडून पाहायचे. टाळलेल्या गोष्टी, म्हणजे भजन असो की लग्नसमारंभ, हळूहळू पुन्हा सुरू करायच्या. झोपेची वेळ बांधायची. मानसोपचाराचे नाव निघताच 'मला वेड लागले आहे का?' असा प्रश्न येतो. आवाज खराच आहे. उपचार त्याच्या भीतीवर आहेत.

आता औषधांकडे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसातज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत निव्वळ कर्णनादासाठी नैराश्यविरोधी, फिटविरोधी किंवा चिंता कमी करणाऱ्या गोळ्या सरसकट देऊ नयेत, तसेच जिंको बिलोबा, मेलाटोनिन, झिंक यांचीही शिफारस करू नये, असे म्हटले. नैराश्य किंवा तीव्र चिंता सोबत असेल तर तिचा उपचार जरूर करावा. त्याने कर्णनाद सोसणेही सोपे जाते. रक्तात बी-१२ कमी असेल तर ते भरून काढावे. पण 'सात दिवसांत आवाज कायमचा बंद' अशी हमी देणाऱ्यांकडे पैसे भरू नयेत.

संशोधन थांबलेले नाही. कानात ध्वनी आणि त्याच वेळी जिभेवर सौम्य विद्युत उद्दीपन देणाऱ्या 'लेनिअर' या उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२३ मध्ये मान्यता दिली. मिशिगन विद्यापीठात मान किंवा गालावरील उद्दीपन ध्वनीसोबत देण्याची चाचणी ९९ जणांवर झाली. तिचे निष्कर्षही २०२३ मध्ये आले आणि ते आशादायक आहेत. दोन्हींचे उद्दिष्ट त्रास व आवाज कमी करण्याचे आहे. समूळ बरे करण्याचा दावा त्यांत नाही.

जवळ काय उपलब्ध आहे?

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि बहुतेक जिल्हा रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग व श्रवणचाचणीची सोय असते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणदोषांसाठी १९८३ पासून काम करते. अल्प उत्पन्न आणि ठरावीक टक्के श्रवणदिव्यांगता असणाऱ्यांना केंद्राच्या 'एडिप' योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. जागरण आणि आवाज यांनी जीव नकोसा झाला, मनात टोकाचे विचार येऊ लागले, तर कानाच्या तारखेची वाट पाहू नये. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

या उपचारांना आठवडे नाही, काही महिने लागतात. मधे सर्दी, जागरण, घरातली काळजी यांनी आवाज पुन्हा उसळतो. म्हणून केलेले सगळे वाया गेले असे समजू नये. रोज आवाज मोजत बसण्यापेक्षा झोप किती लागली, कोणती कामे झाली, हे वहीत टिपावे. सुधारणेची पहिली खूण बहुधा तिथेच सापडते : आवाज तेवढाच असतो, पण सकाळपासून त्याची आठवण झाली नव्हती, हे संध्याकाळी लक्षात येते.