सांध्यांची शाळा, भाग ६ : गुडघा नुसता दुमडत नाही

गेल्या आठवड्यात खांदा झाला, आज गुडघा.

कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी असो की फिजिओथेरपी शिकणारी कल्याणची मुलगी, गुडघ्याचे प्लास्टिकचे मॉडेल कधी ना कधी हातात येतेच. पूर्वी खरी हाडे सहज मिळत. भारत तर ती जगाला पुरवत असे, मुख्यतः कोलकात्याहून. १९८५ साली निर्यातीवर बंदी आली. हाडांचा आकार शिकायला प्लास्टिकही चालते म्हणा. डोंबिवलीच्या दधीची देहदान मंडळासारख्या संस्था देहदानासाठी झटतात आणि शवविच्छेदनातून जे कळते ते मॉडेल कधीच देणार नाही. पण फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला सांधा ताठरतो, मोकळेपणाने हलत नाही. मॉडेलची खरी गरज असते ती इथे. आणि स्वस्तातले मॉडेल नेमके इथेच दगा देते, कारण त्याच्या गुडघ्यात दाराची बिजागरी बसवलेली असते.

खुर्चीत बसा, पाऊल अधांतरी सोडा. वाटीच्या खाली नडगीवर जो उंचवटा लागतो त्यावर बोट ठेवून पाय सावकाश सरळ करा. अगदी शेवटी तो उंचवटा किंचित बाहेरच्या बाजूला सरकेल. पाय सरळ होता होता नडगी साधारण दहा अंश वळते आणि गुडघा जणू कुलूपबंद होतो. पाऊल जमिनीवर टेकलेले असेल तर नडगी जागीच राहते आणि मांडीचे हाड आत वळते. डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत दांडी धरून उभे राहणाऱ्याच्या मांडीचे स्नायू फार थकत नाहीत, ते यामुळेच. गुडघा पुन्हा वाकवायचा तर कुलूप काढावे लागते. ते काम गुडघ्यामागच्या पॉप्लिटियस या छोट्या स्नायूचे. बिजागरीच्या मॉडेलमध्ये तो रंगवलेला असतो, पण त्याला कामच उरत नाही.

दुसरी फसवणूक रबराची. अस्थिबंधांच्या जागी ताणले जाणारे पट्टे लावतात, म्हणजे सांधा हलवता येतो. खरा अस्थिबंध फार थोडा ताणला जातो आणि पुढे तुटतो. पुढचा क्रूसबंध जेमतेम तीन सेंटीमीटरचा. कबड्डीत पाऊल रोवलेले असताना अंग फिरले की त्याचा बळी जातो. रबर ओढून खेळलेल्या मुलाला त्यात नवल वाटते, त्याचा काय दोष?

गाद्यांचेही तेच. आतली गादी आतल्या बाजूच्या अस्थिबंधाला जखडलेली, बाहेरची बरीच मोकळी. म्हणून आतली जास्त फाटते. मॉडेलमध्ये दोन्ही सारख्याच चिकटवलेल्या असल्या, तर हा फरक शिक्षकाला तोंडाने सांगावा लागतो.

तेव्हा विकत घेताना रंगसंगती पाहू नका. मॉडेल काटकोनात वाकवा आणि नडगी डावी-उजवीकडे थोडी वळते का ते पाहा, मग सरळ करून तेच करा. वाकलेल्या गुडघ्यात ती वळायला हवी, सरळ गुडघ्यात नको. दोन्ही वेळा सारखीच घट्ट राहिली, तर पैसे खिशातच ठेवा.

पुढच्या आठवड्यात घोटा. त्याला बिजागरी म्हणायचा मोह तर याहून मोठा.