प्रोग्रॅमिंग केबल (बिनतारी संच)

प्रोग्रॅमिंग केबल ही संगणक व बिनतारी संच यांच्यात माहितीची देवाणघेवाण करणारी तार आहे. तिच्याद्वारे संचाच्या स्मृतीतील वाहिन्या वाचता व बदलता येतात. अनेक संचांसाठी ही केबल घरीही तयार करता येते.

पार्श्वभूमी

चंद्रपूर आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे महाराष्ट्रातील वनबहुल जिल्हे आहेत. अंतर्गत भागात मोबाइल सेवा विरळ असल्याने ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पासारख्या क्षेत्रांत वनकर्मचारी बिनतारी संचांवर अवलंबून असतात. दाट झाडी व टेकड्यांमुळे हातसंचाचा पल्ला घटतो. त्यावर उपाय असलेला रिपीटर एका वारंवारतेवर संदेश घेऊन दुसरीवर पुनःप्रक्षेपित करतो. संचात या दोन्ही वारंवारता व रिपीटरचा ठरावीक स्वर अचूक भरलेले नसल्यास संच सुरू असूनही संपर्क होत नाही.

रचना

संगणकाच्या जुन्या आरएस-232 पोर्टवर 3 ते 15 व्होल्ट इतका धन किंवा ऋण विद्युतदाब असतो. संचातील सूक्ष्मनियंत्रक मात्र बहुधा 3.3 किंवा 5 व्होल्टवर चालतो. दोन्ही थेट जोडल्यास संच निकामी होऊ शकतो. शिवाय आरएस-232 मध्ये 0 व 1 यांचे संकेत उलट असतात. मॅक्स232 ही आयसी काही धारित्रांच्या साहाय्याने दोन्ही फरक दूर करते. यूएसबी पोर्टसाठी एफटी232 किंवा सीपी2102 आयसीवर आधारित तयार परिपथ वापरतात.

जोडणी

साधारणतः तीन तारा लागतात: प्रेषण, ग्रहण व ग्राउंड. एका बाजूची प्रेषणाची तार दुसऱ्या बाजूच्या ग्रहणाला जोडतात. काही संचांत दोन्ही दिशांची माहिती एकाच तारेतून जाते. पिनांची मांडणी प्रतिमानानुसार बदलते, त्यामुळे ती सेवापुस्तिकेतून पाहावी लागते. डाखकामानंतर मल्टिमीटरने तारांची सलगता व विद्युतदाब तपासतात. संच त्यानंतरच जोडतात.

वापर

नवी माहिती भरण्यापूर्वी संचातील मूळ माहिती वाचून तिची प्रत जतन करतात. दुसऱ्या प्रतिमानाची फाइल भरल्यास संच बंद पडण्याचा धोका असतो. चर्प हे मुक्त सॉफ्टवेअर अनेक हौशी संचांना चालते.

कायदेशीर बाजू

1933 च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याविना बिनतारी संच बाळगण्यास मनाई केली. केबल घरी बनवता आली तरी कोणतीही वारंवारता वापरण्याचा अधिकार त्यामुळे मिळत नाही. परवानाधारक हौशी केंद्रचालकांना 144 ते 146 मेगाहर्ट्झ हा पट्टा उपलब्ध आहे. वन विभाग व पोलिसांच्या वाहिन्या त्यांच्यासाठी खुल्या नसतात.