पाण्याखालीं वाट ओळखणारा डोळा

आगगाडीनें प्रवास करणाऱ्या प्रत्येकास एक अनुभव केव्हां ना केव्हां आलेला असतो. आपली गाडी स्टेशनांत उभी असते, शेजारच्या रुळांवर दुसरी उभी असते. एकाएकीं खिडकीबाहेरचे डबे सरकूं लागतात आणि "सुटली एकदांची!" म्हणून आपण सुस्कारा टाकतों. इतक्यांत ती दुसरी गाडी निघून जाते, आणि तिच्यामागें तोच फलाट व तोच चहावाला जागच्या जागीं दिसतो. डोळ्यांनीं आपणांस फसविलें काय? नाहीं. डोळ्यांनीं एवढेंच सांगितलें कीं, आपण व समोरची वस्तु यांपैकीं कोणी तरी हलत आहे. कोण, याचा निर्णय बुद्धीनें करावयाचा होता. तिनें घाई केली.

समुद्राच्या तळाशीं काम करणाऱ्या यंत्रास हाच प्रश्न क्षणोक्षणीं सोडवावा लागतो. रोबॉट म्हटला कीं मुलांच्या डोळ्यांपुढें हातपाय असलेला लोखंडी माणूस उभा राहतो. पाण्याखालील रोबॉट बहुधा एखाद्या मोठ्या पेटाऱ्यासारखा असतो. त्यास पाणी कापणारे पंखे, दिवे व कॅमेरे लाविलेले असतात. कॅमेऱ्यांतील चित्रांवरून "आपण किती व कोणीकडे सरकलों" हें ठरविणारी संगणकाची जी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, तिची ओळख करून देण्याचा आमचा येथें विचार आहे.

"पण जीपीएस असतें ना?" असें वर्गांत हमखास कोणी तरी विचारतें. जीपीएसच्या उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यांत शिरतांच विरून जातात. तळाशीं त्यांचा मागमूसहि पोंचत नाहीं. होकायंत्र दिशा सांगतें, जागा सांगत नाहीं; आणि बुडालेल्या लोखंडी जहाजाजवळ तें दिशाहि चुकीची सांगण्याचा संभव. ध्वनि मात्र पाण्यांत सेकंदास सुमारें १५०० मीटर वेगानें उत्तम चालतो, व दूरचें मोजमाप त्याच्याच बळावर करितात. परंतु वीतभर इकडे कीं तिकडे, हें जाणण्यास डोळ्यासारखा साह्यकर्ता नाहीं.

हा डोळा पाहतो कसा, हें कळण्यासाठीं एक प्रयोग करावा. जाड पुठ्ठ्यास रुपयाएवढें भोंक पाडून त्यांतून खालचा कोरा कागद पाहा, व तो कागद शेजाऱ्यास हळूच सरकविण्यास सांगा. कांहींच कळणार नाहीं. आतां कागदावर एक लांब सरळ रेघ ओढा. रेघ आडवी सरकली तर दिसेल. परंतु रेघेच्याच दिशेनें कागद ओढला, तर तो स्थिर आहे असेंच वाटेल. शेवटीं एक काटकोन काढा. आतां कागद कोणीकडेहि हलो, लपणार नाहीं. घरीं आईवडिलांसहि हा प्रयोग दाखवावा. पुष्कळांस आश्चर्य वाटतें, असा आमचा अनुभव आहे.

यंत्र नेमकें हेंच करितें. तळाच्या चित्रांत तें कोपरे हुडकतें: शिंपल्याची कड, दगडाची भेग, पत्र्यावरील खिळ्याचें डोकें. असे कोपरे निवडण्याची एक रीत ख्रिस हॅरिस व माइक स्टीफन्स यांनीं १९८८ मध्यें प्रसिद्ध केली, व ती अजूनहि वापरांत आहे. पुढच्या चित्रांत तेच कोपरे शोधावयाचे. ते डावीकडे सरकले असतील तर यंत्र उजवीकडे गेलें.

पण मध्येंच मासा आला तर? शिवाय खोल समुद्रांत वरून सेंद्रिय कणांचा पाऊस सारखा पडत असतो. त्यास 'सागरी हिम' म्हणतात. तो कणहि यंत्रास कोपरा वाटूं शकतो. यावर मार्टिन फिशलर व रॉबर्ट बोल्स यांनीं १९८१ मध्यें एक मोठी गंमतीची तोड सुचविली. सर्व कोपऱ्यांतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोनचार निवडावे, त्यांवरून यंत्राची गति काढावी, आणि बाकीच्यांपैकीं कितींचें तिच्याशीं जुळतें तें मोजावें. असें पुनःपुनः करावें. ज्या उत्तरास सर्वांत अधिक कोपरे दुजोरा देतील तें ग्राह्य, उरलेले साक्षीदार खोटे. मासा एकटा पडतो व बाद होतो. तथापि माशांचा थवाच चित्रभर पसरला तर बहुमतहि चुकतें, आणि आपल्या आगगाडीच्या खिडकीचाच प्रकार घडतो!

याहून एक सूक्ष्म अडचण आहे. चित्रांत कोपरा पन्नास ठिपके सरकला, म्हणजे यंत्र किती सरकलें? चित्र एक हजार ठिपके रुंद आहे, व दोन मीटर उंचीवरून त्यांत दोन मीटर रुंद तळ मावतो असें समजूं. मग एक ठिपका म्हणजे दोन मिलिमीटर, व पन्नास ठिपके म्हणजे दहा सेंटिमीटर. तेंच यंत्र चार मीटर उंचीवर असेल तर उत्तर वीस सेंटिमीटर. एकट्या चित्रास ही उंची ठाऊक नसते. म्हणून ध्वनीनें तळाचें अंतर मोजतात, किंवा माणसाच्या दोन डोळ्यांप्रमाणें दोन कॅमेरे शेजारीं बसवितात.

दिव्यांचीहि कटकट आहेच. खोल समुद्रांत सूर्यप्रकाश नसल्यामुळें यंत्र आपला दिवा आपणच घेऊन जातें. परंतु दिवा हलला कीं सावल्या हलतात, आणि तळ जागच्या जागीं असूनहि त्याचें रूप पालटतें. पुन्हां दिवा कॅमेऱ्यास चिकटून ठेवला तर पाण्यांतील कण चमकून धुक्यांतील मोटारीच्या दिव्यांसारखी स्थिति होते; यास्तव दिवे शक्य तितके दूर बांधतात.

एवढें सारें साधलें तरी प्रत्येक पावलास अल्पशी चूक राहतेच, व ती सांठत जाते. दिशेंत केवळ एका अंशाची चूक झाली तर एक किलोमीटर अंतरावर ती सुमारें १७ मीटर होते. येथें 'टायटॅनिक'ची हकीकत सांगितली पाहिजे. तें जहाज १५ एप्रिल १९१२ रोजीं उत्तर अटलांटिक महासागरांत बुडालें व सुमारें १५०० माणसें प्राणांस मुकलीं. १ सप्टेंबर १९८५ रोजीं सुमारें ३८०० मीटर खोलीवर त्याचे अवशेष सांपडले. २००४ सालीं 'हर्क्युलीज' नांवाचें, वरील जहाजास तारेनें जोडलेलें यंत्र त्या अवशेषांवरून फिरविण्यांत आलें. अशा ठिकाणीं स्थळाचा अंदाज चुकणें म्हणजे गंजलेल्या पत्र्यावर आदळणें. आणि तें स्थळ इतक्या लोकांची दफनभूमि आहे, हेंहि विसरतां येत नाहीं.

त्या सफरींतील ८६६ चित्रें घेऊन रायन यूस्टिस व त्यांचे सहकारी यांनीं यंत्राच्या मार्गाचा हिशेब मागाहून केला. गोधडी शिवणारी आजी ठिगळास ठिगळ जोडीत जाते, तशीं चित्रें एकास एक जोडीत जावयाचें. पण लांब रांगेंत गोधडी हळूहळू तिरकी होते. उपाय असा कीं, यंत्र फिरत फिरत पूर्वीं पाहिलेल्या जागेवरून पुन्हां गेलें म्हणजे नवें चित्र जुन्या चित्राशीं टांकावयाचें. तो एक टांका बसला कीं मधली सगळी वांकडी रांग ओढली जाऊन ठिकाणावर येते.

परंतु आठशें चित्रांतून जुनें चित्र कोणतें, हें शोधावें कोठें? यासाठीं आज्ञावली 'मी येथें आहें' असा ठिपका देत नाहीं; 'मी या वर्तुळांत कोठें तरी आहें' असें सांगते, व त्या वर्तुळांत येणारीं चित्रेंच ताडून पाहते. यंत्र पुढें जातें तसें वर्तुळ वाढतें, ओळखीची जागा भेटली कीं आकसतें. वर्तुळ उगाच मोठें धरलें तर शोधांत वेळ जातो, एवढेंच. पण तें खऱ्यापेक्षां लहान धरलें तर खरें जुनें चित्र त्याच्या बाहेर राहतें, त्याच्याकडे कोणी पाहतच नाहीं, आणि चूक कायमची होऊन बसते. म्हणून यूस्टिस यांच्या मंडळीनें पुष्कळसे श्रम हें वर्तुळ चुकूनहि लहान पडूं नये यासाठीं वेंचले. आमच्या मतें या विद्येंतील सर्वांत कठीण भाग हाच. कोपरे मोजणें त्यामानानें सोपें.

पाणी गढूळ असेल, जसें पावसाळ्यांत आपल्या खाड्यांचें असतें, तर कॅमेऱ्याचें कांहीं चालत नाहीं. सपाट चिखलावरहि तेंच. कोरा कागदच तो. अशा वेळीं जुळणाऱ्या कोपऱ्यांची संख्या झपाट्यानें उतरते, वर्तुळ फुगूं लागतें, आणि चांगली आज्ञावली चित्रांवरील भरंवसा सोडून, पाणी निवळेपर्यंत, ध्वनीच्या मोजमापावर यंत्र चालविते.