बांधावरच्या बिया आणि घरचा साबण : तेल बदलले की माप बदलते

ज्येष्ठ-आषाढात कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. ओढ्याकाठच्या करंजाच्या शेंगा वाळून गळतात, विदर्भातील रानात मोहाच्या बिया मिळतात, तर कोकणात उंडीची फळे आणि कोकमाच्या बिया गोळा होतात. यांपैकी करंज, कडुनिंब व उंडी यांचे तेल खाण्याच्या उपयोगाचे नाही. पूर्वी ते दिव्यात जाळीत. अशा अखाद्य तेलांपासून साबण करता येतो, ही गोष्ट ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी फार पूर्वीच ओळखली होती. १९३४ साली वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि १९५७ साली अस्तित्वात आलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगानेही अखाद्य तेले व साबण हा उद्योग आपल्या कार्यक्रमात घेतला.

अलीकडे अनेक घरांत व महिलांच्या बचत गटांत निरनिराळे पदार्थ घालून साबण करून पाहण्याची हौस दिसते. कोणी हळद घालते, कोणी शेळीचे दूध, कोणी लिंबाचा रस. ही हौस चांगलीच आहे. मात्र तीत एक चूक वारंवार घडते. एखाद्या मैत्रिणीकडून खोबरेलाच्या साबणाची कृती मिळते, घरात खोबरेल कमी असते, म्हणून त्याऐवजी तेवढेच एरंडेल घातले जाते आणि कॉस्टिक सोडा मात्र कृतीत लिहिला असेल तेवढाच राहतो. असा साबण दिसायला सुरेख होतो, पण अंगाला लावताच आग करतो.

याचे कारण समजून घेणे कठीण नाही. तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग होऊन साबण व ग्लिसरीन तयार होते. परंतु प्रत्येक तेल आपल्या घडणीप्रमाणे ठरावीकच सोडा स्वीकारते. शंभर ग्रॅम खोबरेलास सुमारे १८.३ ग्रॅम सोडा लागतो. तितक्याच एरंडेलास केवळ १२.८ ग्रॅम. कडुनिंबाच्या तेलास सुमारे १३.९ ग्रॅम, आणि करंज, मोह व कोकम यांच्या तेलांस १३ ते १४ ग्रॅमच्या दरम्यान. म्हणजे खोबरेलाच्या मापाने एरंडेलाचा साबण केला, तर दर शंभर ग्रॅम तेलामागे साडेपाच ग्रॅम सोडा मोकळाच उरतो. तोच कातडी जाळतो. उलट चूक झाली तर तेल मोकळे राहते. साबण चिकट होतो व काही दिवसांनी खवट वास मारू लागतो. ती चूक निदान कोणाला भाजत नाही.

म्हणून हिशेबाने जेवढा सोडा निघेल, त्यापेक्षा शेकडा पाच भाग कमी घ्यावा. उदाहरणार्थ, ३०० ग्रॅम खोबरेल, १५० ग्रॅम कडुनिंबाचे तेल व ५० ग्रॅम एरंडेल घेतले, तर सोडा अनुक्रमे ५४.९, २०.८५ व ६.४, मिळून सुमारे ८२ ग्रॅम होतो. त्यातून पाच टक्के वजा जाता ७८ ग्रॅम उरतो. पाणी १६० ग्रॅम पुरते. यात खोबरेल भरपूर फेस देते, एरंडेल तो फेस टिकवते, आणि कडुनिंबाचे तेल आपला उग्र वासही सोबत आणते. तो पुष्कळ दिवस जात नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ही सर्व मापे वजनाची आहेत. वाटी, चमचा किंवा अंदाज येथे चालत नाही. ग्रॅम दाखविणारा काटा नसेल, तर हा प्रयोग करूच नये.

सोडा विरघळविताना नेहमी पाण्यात सोडा टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. द्रावण एकाएकी उकळून अंगावर उडते. भांडे पोलादाचे किंवा जाड प्लॅस्टिकचे असावे. ॲल्युमिनियमचे पातेले मुळीच वापरू नये, कारण सोडा ते खातो व ज्वालाग्राही वायू सुटतो. हातमोजे व चष्मा घालून, उघड्या हवेत, मुले निजली किंवा शाळेत गेली असता काम करावे. उरलेला सोडा पिण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय फार घातक आहे. अंगावर थेंब उडाल्यास वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धुवावे. डोळ्यात गेल्यास तसेच धूत राहून तत्काळ दवाखाना गाठावा. कोणी गिळल्यास उलटी करवू नये व रुग्णालयात न्यावे.

तेल व सोड्याचे पाणी दोन्ही कोमट झाल्यावर पाण्याची बारीक धार तेलात सोडून ढवळावे. मिश्रण बासुंदीसारखे दाट होऊन वरून सोडलेली धार क्षणभर पृष्ठभागावर उमटून राहिली, की ते साच्यात ओतावे. दुसऱ्या दिवशी, अजून मऊ असतानाच, हातमोजे घालून वड्या कापाव्यात व हवेशीर सावलीत चार ते सहा आठवडे वाळवाव्यात. वडीत पांढरे खडे किंवा पाण्याचे थेंब आढळल्यास ती अंगाला लावू नये.

आता हौशी घटकांविषयी. हळदीचा पिवळा साबण होईल या अपेक्षेने हळद घातली, तर मिश्रण तांबडे होते. यात नवल नाही. हळदीला क्षार लागून ती लाल होते, आणि कुंकूही याच गुणावर बनत असे. वाळल्यावर रंग भगव्या-तपकिरीकडे वळतो. दुधातील साखर सोड्याच्या उष्णतेने करपते, म्हणून दूध आधी गोठवून त्यात सोडा थोडाथोडा टाकावा लागतो. लिंबाचा रस मात्र गृहिणींची सर्वांत मोठी फसगत करतो. त्यातील सायट्रिक आम्ल दर १० ग्रॅमला सुमारे ६ ग्रॅम सोडा गिळते, आणि साबणात लिंबाचा आंबटपणा काही उरत नाही. तथापि जे क्षार उरतात, ते जड पाण्यात साबणाला मदत करतात. तेव्हा ज्यांच्या विहिरीचे पाणी जड आहे, त्यांनी मोजून ते करून पाहण्यास हरकत नाही. ताकाचेही असेच आहे, फक्त आम्ल कमी.

जड पाण्याचा प्रश्न दख्खनात पुष्कळांना परिचित आहे. पाण्यातील चुना व मॅग्नेशियम साबणाशी मिळून भुरकट साका करतात आणि फेस येत नाही. खोबरेलाचा साबण अशा पाण्यात, इतकेच काय खाऱ्या पाण्यातही, इतरांपेक्षा बरा फेसाळतो. कोकमेलाने वडी टणक होते, म्हणून ते शेकडा दहापर्यंत घातले तर साबण लवकर झिजत नाही.

नव्या मिश्रणाचा पहिला घाणा २०० ग्रॅम तेलाचाच असावा. वहीत तारीख, प्रत्येक तेलाचे व सोड्याचे वजन आणि वाळण्याचे दिवस लिहून ठेवावेत. साबण विकावयाचा असल्यास सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो. त्याची चौकशी वड्या बाजारात नेण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करावी.