पोटातला चिमटा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘पोटाला चिमटा काढणे’ हा वाक्प्रचार आपण शाळेत शिकलो. माझ्या अम्मीनं तो आयुष्यभर जगून दाखवला, म्हणून तर मी बीएपर्यंत शिकू शकलो. माझ्या पोटात मात्र चार वर्षांपूर्वी खरोखरचेच दोन चिमटे बसवले गेले. धातूचे, करंगळीच्या नखाएवढे. आज मी बोलतोय तो त्या चिमट्यांमुळे, आणि ते बसवायला मी जवळजवळ उशीर केला होता म्हणूनही.

मी असोद्याचा. जळगावपासून हाकेच्या अंतरावरचं हे गाव बहिणाबाईंचं माहेर. त्या बाईंना अक्षरओळख नव्हती, पण शेत, घर, माणूस, मरण, सगळ्यासाठी त्यांना शब्द सापडले. आणि मी, तीस वर्षं कविता लिहिणारा माणूस, ‘शौचातून रक्त येतंय’ एवढं वाक्य सहा महिने कुणाला सांगू शकलो नाही.

हिवाळ्याचे दिवस होते. आमच्याकडे तेव्हा शेताशेतांत भरताच्या पार्ट्या चालतात. हिरव्या मिरचीचं भरीत, कळण्याची भाकरी. रक्त दिसलं की मी मिरचीला दोष द्यायचो. मग मूळव्याधीला. शेवटी वजन उतरलं, चेहरा पांढुरका पडला, तेव्हा मुलीनं हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कोलोनोस्कोपी करायला सांगितली.

कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. आपलं मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. आदल्या दिवशी पातळ आहार घ्यायचा, जुलाबाचं औषध पिऊन आतडं पार स्वच्छ करायचं. मग गुदद्वारातून बोटभर जाडीची लवचीक नळी आत सरकवतात. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. नळीत एक अरुंद बोगदाही असतो, त्यातून बारीक अवजारं आत पाठवता येतात. माझ्या आतड्यात एक पॉलिप सापडला. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर अळंबीसारखी उगवलेली मांसल वाढ. सगळे पॉलिप वाईट नसतात, पण काहींचा पुढे बऱ्याच वर्षांनी कर्करोग होतो. म्हणून ते दिसले की काढून टाकतात. न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि जपानहून तिथे गेलेले हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी १९६९ साली तारेच्या फासानं असा पॉलिप दुर्बिणीतूनच काढला, आणि त्यासाठी पोट फाडण्याची गरज संपली. फास पॉलिपच्या बुडाशी आवळायचा, त्यातून वीज सोडायची. कापणं आणि रक्त थांबवणं एकदमच होतं.

माझा पॉलिप असाच निघाला. संध्याकाळी घरी आलो. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, “चाचा, पुढचे दोन आठवडे रक्त दिसलं, चक्कर आली, पोट दुखलं, तर लगेच फोन करा. रात्र असली तरी.”

सहाव्या दिवशी रक्त आलं. लालभडक, गाठीगाठींचं. दुपारी पुन्हा. दुखत काहीच नव्हतं. आतड्याच्या अस्तराला कापलेलं, भाजलेलं जाणवत नाही. त्यामुळे आतला रक्तस्राव बहुधा मुकाट असतो. मला वाटलं, दुखत नाही म्हणजे काळजीचं काही नाही. संध्याकाळी शेजारच्या पाटलांनी विचारलं, “काय झालं रे भो, तोंड असं का उतरलं?” मी म्हटलं, “शेवभाजी बाधली.” बायकोलाही तेच सांगितलं. वजू टिकणार नाही म्हणून मगरिबला मशिदीत गेलो नाही. तिथेही कारण शेवभाजीचंच. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात कोसळलो. बायकोनं कपडे पाहिले आणि मग कुणी काही विचारायचं राहिलं नाही.

असं का होतं, ते नंतर समजलं. विजेनं भाजलेल्या जागेवर खपली धरते. काही दिवसांनी ती पडते, आणि तिच्याखाली एखादी रक्तवाहिनी असली तर तिचं तोंड उघडं पडतं. पॉलिप काढल्यानंतर असा रक्तस्राव साधारण शंभरात एखाद-दुसऱ्याला होतो, मोठा पॉलिप असेल तर जास्त. यात कुणाची चूक असतेच असं नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका वाढतो. म्हणून त्या गोळ्यांबद्दल आधीच सांगावं; मात्र आपल्या मनानं त्या बंद करू नयेत, नाहीतर हृदयाचं दुखणं ओढवेल.

दवाखान्यात सलाईन लागलं, रक्ताची पिशवी लागली, आतडं धुऊन पुन्हा दुर्बीण गेली. अर्धवट गुंगीत मी पडद्यावर पाहिलं. गुलाबी भिंत, तिच्यात एक पांढरट खड्डा, आणि खड्ड्याच्या तळातून झिरपणारं रक्त. मग नळीच्या तोंडातून एक मिटलेला चिमटा बाहेर आला. आपण दोरीवरच्या कपड्यांना लावतो तसाच, दोन जबड्यांचा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सहायकानं मूठ ढकलली, जबडे उघडले. चिमटा फिरवून त्या वाहिनीच्या दोन्ही बाजूंना टेकवला, दाबला, मूठ ओढली. चिमटा मिटला आणि दांड्यापासून सुटून तिथेच राहिला. शेजारी दुसरा. रक्त थांबलं. सगळं मिळून पाच-सात मिनिटं.

याला क्लिप म्हणतात. तिची मूळ कल्पना जपानमध्ये १९७५ च्या सुमारास पुढे आली. रक्त थांबवायला भाजण्याचा किंवा इंजेक्शनचा मार्गही आहे. पण आतड्याची भिंत काही मिलिमीटरच जाड; उजवीकडे, अपेंडिक्सच्या बाजूला, तर आणखी पातळ. तिथे पुन्हा भाजलं तर भोक पडण्याची भीती. क्लिप भाजत नाही, नुसती दाबून धरते.

आणि भोक पडलंच तर? तसं क्वचित होतं. नुसत्या तपासणीत हजारात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी. वळणावर नळीचा रेटा बसतो, हवेनं आतडं जास्त फुगतं, किंवा भाजलेली जागा फाटते. पूर्वी यावर पोट उघडणं हाच उपाय होता. १९९३ साली जर्मनीत हॅम्बुर्गच्या बिनमोलर, झोहेन्ड्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जठराला पडलेलं भोक क्लिपनं मिटवल्याचं प्रसिद्ध केलं, आणि १९९७ साली जपानी डॉक्टरांनी मोठ्या आतड्याचं. भोकाच्या दोन्ही कडा जवळ ओढून एकामागून एक क्लिपा लावायच्या, जणू फाटलेल्या पोत्याला टाके. मोठ्या भोकासाठी आता दुर्बिणीच्या टोकावरच टोपीसारखी बसवून नेतात अशी मोठी क्लिपही आहे. त्यानंतर काही दिवस तोंडानं काही नाही, शिरेतून अँटिबायोटिक, आणि शल्यचिकित्सकाची नजर.

आमच्याकडे केळीला ठिबक असतं. नळीला उंदरानं भोक पाडलं की शेतकरी छोटं बूच बसवतो आणि काम भागतं. पण केव्हा? गळती ताजी असताना. वाफा चिखल झाला, मुळं कुजली, मग बूच लावून काय उपयोग? आतड्याच्या भोकाचंही तसंच आहे. तपासणी चालू असतानाच ते दिसलं, आतडं स्वच्छ असलं, तर क्लिप बहुतेक वेळा काम करते. आतली घाण पोटात पसरली की पोट उघडावंच लागतं. म्हणून तपासणीनंतर पोट दुखत राहिलं, फळीसारखं कडक झालं, ताप आला, तर ‘गॅस असेल’ म्हणत ओवा चघळत बसू नका.

मग प्रत्येकाला आधीच क्लिप का लावत नाहीत, असं मीही विचारलं. छोट्या पॉलिपला तिचा तसा फायदा दिसत नाही, खर्च मात्र वाढतो. मोठ्या पॉलिपची गोष्ट वेगळी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे पॉलिप काढलेल्या नऊशेहून अधिक रुग्णांमध्ये, क्लिपनं जखम मिटवल्यावर उशिराच्या मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण ७.१ टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांवर आलं. हा फायदा उजव्या बाजूच्या पॉलिपमध्येच दिसला. तेव्हा ते डॉक्टरांनी ठरवावं. आपण दोनच गोष्टी विचाराव्यात: रक्त आलं तर इथे क्लिपची सोय आहे का, आणि रात्री फोन कुणाला करायचा.

क्लिपा काढाव्या लागत नाहीत. जखम भरली की काही आठवड्यांत आपोआप सुटून शौचावाटे जातात. माझ्या कधी गेल्या, मला कळलंही नाही. मात्र मध्यंतरी एमआरआय करायची वेळ आली तर क्लिप लावल्याचं सांगायला हवं, कारण सगळ्याच क्लिपा त्या यंत्राच्या चुंबकात चालत नाहीत. माझा कागद आजही कपाटात, कवितांच्या वहीत आहे.

निघताना डॉक्टर म्हणाले, “चाचा, रक्त आलं ते तुमच्या हातात नव्हतं. फोन करणं होतं.” मी मान खाली घातली. दवाखान्यात सगळं तयार होतं. दुर्बीण, क्लिप, ती लावणारे हात. नव्हतं ते फक्त माझं एक वाक्य.

आता आमच्या घरात ती लाज उरलेली नाही. मुलगी सासरहून फोन करते आणि सलाम झाला की पहिलं विचारते, “अब्बा, पोट कसं आहे?” मी खरं ते सांगतो. पाटलांनाही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, “भो, मलेबी दोन महिने झाले.” दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही दोघं जळगावला गेलो.